पणजोबांचे फक्त नाव माहीत आहे. पुढचा माग कागदांतून कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा: आजोबा सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले. त्यांच्या वडिलांचे नाव धोंडी, एवढेच घरात ठाऊक आहे. गावी सामाईकातले एक खाचर अजून नावावर आहे. धोंडी कोण, त्यांचे भाऊ किती, आई कोण, ते कधी वारले, हे कागदांतून कळेल का?

बरेचसे कळेल. मात्र नाव धरून शोधायला निघालात तर लवकरच थकाल. एकाच गावात एकाच काळात तीन-चार धोंडी असतात, आणि जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसतेच. ‘धोंडी बिन राणू’, म्हणजे राणूचा मुलगा धोंडी, एवढ्यावर काम भागलेले असते. सामान्य माणसाच्या बाबतीत धरायचा असतो तो जमिनीचा नंबर. सरकारला तुमच्या पणजोबांमध्ये रस नव्हता, त्यांच्याकडून येणाऱ्या शेतसाऱ्यात होता. म्हणून सारा ज्या नंबरावर बसला त्या नंबराची साखळी जपली गेली, आणि माणसे तिच्यासोबत आपोआप नोंदली गेली.

एक अपेक्षा आधीच सोडून द्या. परदेशातली उदाहरणे वाचून लोक जनगणनेची पाने मागतात. आपल्याकडे जनगणनेतली व्यक्तिगत माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे, ती कोणालाही पाहायला मिळत नाही. अपवादासारखी एकच गोष्ट आहे: १९५१ च्या जनगणनेबरोबर घरनिहाय तयार केलेली राष्ट्रीय नागरिक नोंदवही. ती काही तहसील कार्यालयांत टिकली आहे. विचारून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका.

कचेरीत जाण्याआधी घर धुंडाळा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, गिरणीचे हजेरी कार्ड, साऱ्याच्या पावत्या, सोसायटीचे पासबुक ही नेहमीची यादी झाली. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाहीत. लग्नात दिलेल्या हंड्या-परातींवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी तारीख कोरलेली असते. आजीच्या माहेरचे गाव अनेकदा तिथेच सापडते. दुसरे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, सुतक कोणाकोणाचे धरता? दहा दिवसांचे ज्यांचे धरतात ती जवळची भाऊकी, तीन दिवसांचे धरतात ती लांबची. कागदावर समान नावे आली की कोणता राणू आपला हे ठरवायला हे उत्तर उपयोगी पडते. कुलदैवत आणि देवक लिहून ठेवा. आणि गावाचे नाव तपासा. घरात सांगतात ते बहुधा वाडीचे नाव असते, तर दप्तर असते मौजेच्या, म्हणजे महसुली गावाच्या नावाने. बुद्रुक-खुर्दचा घोळ वेगळाच.

आता जमीन. आजच्या सातबाऱ्यावरून सुरुवात करा आणि मागे मागे चला. संगणकीकृत उताऱ्यावर जुने फार थोडे उरले आहे, म्हणून तलाठी सज्जा किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल मागा. त्यावर नावांशेजारी वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे, नंबर. कंसात टाकलेली नावे म्हणजे रद्द झालेले खातेदार, आणि तुम्हाला हवी असलेली माणसे नेमकी तीच आहेत. वर्तुळातला प्रत्येक नंबर टिपून घ्या आणि त्या फेरफारांच्या नकला मागा. फेरफारात आधीच्या नोंदीचा उल्लेख असेल तर तोही नंबर यादीत जोडा. अशी शिडी उतरत मुंबई इलाख्यातल्या गावांत हक्कनोंदीच्या आरंभापर्यंत जाता येते. त्याचा कायदा १९०३ चा आहे आणि गावोगावी प्रत्यक्ष नोंदी पुढच्या दहा-बारा वर्षांत झाल्या. त्या पहिल्या नोंदवहीत जमीन कोणाकडे आहे आणि कशी आली, वडिलार्जित, खरेदी की गहाण, हे लिहिलेले असते.

ही शिडी हमखास एका पायरीवर तुटते, ती म्हणजे गट नंबर. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगावी योजना राबवली गेली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट ३१२ चे फेरफार मागे नेत गेलात की एका टप्प्यावर ‘एकत्रीकरण योजनेप्रमाणे’ एवढीच नोंद लागते आणि मागचे काही दिसत नाही. लोक इथे थांबतात. थांबू नका. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३)(४) चा उतारा मागा. कोणता सर्व्हे नंबर, कोणता पोटहिस्सा, कोणाच्या नावचा, कोणत्या गटात गेला हे त्यात असते. जुना सर्व्हे नंबर हाती आला की शिडी पुन्हा जोडली जाते. योजनेत जमिनींची अदलाबदल झाली असेल तर आजचे खाचर पणजोबांचे नसून शेजाऱ्याच्या पूर्वजांचे असू शकते. हा उतारा न बघता मागे गेलेले लोक भलत्याच घराण्याची वंशावळ करून बसतात.

‘आपले अभिलेख’ या शासनाच्या सेवेवर अनेक तालुक्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि काही ठिकाणी जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या स्कॅन करून ठेवल्या आहेत. आधी तिथे पाहा, चकरा वाचतील. पण सूची करणाऱ्याने मोडी पाने अंदाजाने लावलेली असू शकतात, आणि एका गावाची वही त्याच नावाच्या दुसऱ्या गावाखालीही सापडते. ऑनलाइन दिसत नाही म्हणजे कागद नाही असे समजू नका.

कचेरीत अर्ज करताना ‘माझ्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असे लिहिलेत तर तो अर्ज तसाच परत येतो. मौजे, तालुका, गाव नमुना (गावच्या महसुली वहीचा क्रमांक), वर्ष किंवा नोंद क्रमांक, सर्व्हे किंवा गट नंबर असे नेमके लिहा. नंबरच ठाऊक नसेल तर माहिती अधिकारात प्रत्यक्ष अवलोकनाची मागणी करा. अर्जाची फी १० रुपये. समोर बसून वही चाळता येते आणि मग हव्या त्याच पानांच्या नकला घेता येतात. अभिलेख कक्षात अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे ३० वर्षे. फेरफाराची वही टिकलेली असते, पण त्या नोंदीवेळचे अर्ज आणि जबाब नष्ट झालेले असतात ते यामुळे. त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

समजा अशी एक नोंद हाती आली: ‘स. नं. ३७/२ चा खातेदार धोंडी बिन राणू हा मयत झाला. वारस मुलगा सखाराम वय २२, मुलगा गणू वय १४, अ.पा.क. आई भागू कोम धोंडी. कब्जा वारसांचा. वर्दी पोलीस पाटील.’ तीन-चार ओळींच्या या नोंदीतून कितीतरी गोष्टी निघतात. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणजे खापरपणजोबा राणू. कोम म्हणजे अमक्याची बायको. कुठे जौजे किंवा भ्रतार असेही लिहितात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणार, म्हणजे गणू तेव्हा अज्ञान होता आणि आई हयात होती. वयावरून जन्मसाल काढाल, पण दोन्ही बाजूंना तीन वर्षांची सूट ठेवा. २० आणि ४० ही वये तर डोळे मिटून लिहिलेली असतात.

त्याच नोंदीतून काय निघत नाही हेही बघा. नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वर्दी, म्हणजे मृत्यूची खबर, दोन महिन्यांत यायची तशी दहा वर्षांनीही यायची, विशेषतः मुले मुंबईला असली तर. मुलींची नावे नाहीत म्हणजे मुली नव्हत्या असे नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, त्याआधी मुलगे असताना मुलींना वारसनोंदीत घेण्याचे कारणच नव्हते. भागू ही सखाराम आणि गणू दोघांचीही जन्मदाती असेल असे नाही. आणि खात्यावर एकट्या सखारामाचे नाव दिसले, पुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ लिहिलेले असले, तर सावध व्हा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून एकाचे नाव लावले, बाकीचे भाऊ त्या दोन-तीन अक्षरांमागे दडले. ते बाहेर येतात पुढच्या वाटणीच्या फेरफारात, नाहीतर भांडण झाले तेव्हाच्या दाव्यात. वंशावळीसाठी भाऊबंदकीच्या दाव्याइतका चांगला कागद नाही. दोन्ही बाजू आपापली पिढी शपथेवर सांगतात.

ज्या भागात लोक कमी लक्ष देतात आणि सर्वाधिक माहिती पडलेली असते तो भाग म्हणजे आणेवारीचे हिस्से. सामाईक जमिनीत नावापुढे आणे-पैत हिस्सा लिहिलेला असतो. पूर्ण जमीन म्हणजे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. २ आणे ८ पै म्हणजे एक षष्ठांश, १ आणा ४ पै म्हणजे एक द्वादशांश. आता एका नंबरावर राणू ५-४, बाळू ५-४, आणि खाली विठू २-८, केरू २-८ अशी नावे असली तर चित्र बहुधा असे: मूळ पुरुषाला तीन मुलगे, त्यातले राणू आणि बाळू हयात, तिसरा नोंदीआधीच वारला आणि विठू-केरू ही त्याची मुले. ज्याचे नाव कुठल्याही कागदात नाही तो तिसरा भाऊ आकड्यांतून उभा राहतो. सगळ्या हिस्स्यांची बेरीज करा. ती १६ आणे भरली नाही तर कोणी हिस्सा विकला आहे किंवा एखादे नाव नकलेत सुटले आहे. हिस्से विचित्र निघाले, जसे ६-८ आणि ९-४, तर मध्ये खरेदी, बक्षीस किंवा बिनवारस भावाचा हिस्सा कोणाकडे तरी गेलेला असणार.

पोटहिस्स्यांचेही तसेच. ३७/१, ३७/२, ३७/३ यांची क्षेत्रे आणि आकार, म्हणजे सारा, जवळपास सारखे असतील तर ती भावांची वाटणी समजून शेजारच्या हिस्सेदारांचे फेरफारही काढा. क्षेत्र एकर-गुंठ्यांत असेल, ४० गुंठ्यांचा एकर. नंतरच्या उताऱ्यांत तेच हेक्टर-आरमध्ये येते आणि गुंठा व आर जवळपास सारखेच, त्यामुळे ताळा जमवायला अडचण येत नाही. पोटहिस्स्यांची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात गुणाकार बुक, म्हणजे मापांवरून क्षेत्र काढलेली वही असते, त्यात त्या वेळच्या धारकांची नावे सापडतात.

मृत्यूचे साल साधारण कळले की गाव नमुना १४ कडे वळा. ही पोलीस पाटलाने ठेवलेली जन्म-मृत्यूची वही, विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या आधीचे जवळजवळ सगळे इथेच आहे. मृत्यूच्या रकान्यात तारीख, नाव, जात, वय, कारण. कारणाच्या जागी ताप, पटकी (कॉलरा), देवी, हगवण असे सरसकट शब्द असतात, त्यावरून वैद्यकीय निष्कर्ष काढू नका. मात्र एकाच घरातले तीन-चार मृत्यू थोड्याच दिवसांत दिसले तर वर्ष बघा. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इन्फ्लुएंझाने गावेच्या गावे झोपवली, त्या पानांवर ओळी संपत नाहीत. १८९६ नंतरची काही वर्षे प्लेगची आणि १८९९-१९०० हे दुष्काळाचे.

जन्माच्या रकान्यात मुलाचे नाव शोधाल तर फसाल. बारशाआधीच नोंद होत असल्याने तिथे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते. वडिलांच्या नावाने शोधा आणि दर दोन-तीन वर्षांनी येणारी त्याच नावाची प्रत्येक नोंद उतरवा. मग मृत्यूच्या रकान्यात लहानपणी गेलेली मुले वजा करा. उरतात ती तुमच्या आजोबांची भावंडे, बहिणींसकट. ज्या बहिणी वारसनोंदीत कधीच आल्या नाहीत त्या इथे भेटतात. दगडू, धोंडी, भिकू, केरू ही नावे मागची मुले न जगल्यावर ठेवण्याची रीत होती, त्यामुळे अशा नावाच्या आधीची चार-पाच वर्षे जरूर चाळा. नातवाला मेलेल्या आजोबांचे नाव ठेवण्याची पद्धत लक्षात घेता एक राणू आणि दुसरा राणू यांत साठ-सत्तर वर्षांचे अंतर असू शकते. कागदावरच्या तारखा न बघता दोघांना एक केल्याने एक अख्खी पिढी गळते.

शाळेचे जनरल रजिस्टर हा त्यानंतरचा सर्वात भरवशाचा कागद. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा आधी लोकल बोर्डाच्या होत्या आणि पुष्कळ ठिकाणी वह्या शाळेतच आहेत. नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याचे कारण. ‘मुंबईस गेला’ हे कारण आणि त्याची तारीख मिळाली तर आजोबांच्या स्थलांतराचा महिना कळतो. जन्मतारीख १ जून दिसली की ती गुरुजींनी शाळा सुरू होताना घातलेली आहे असे धरून चाला. दाखला मागू नका, रजिस्टरच्या पानाची प्रत मागा. दाखल्यात पुढच्या-मागच्या नोंदी दिसत नाहीत, आणि एकाच दिवशी दाखल झालेली चुलत भावंडे पानावर एकाखाली एक असतात.

मोडीची भीती बाळगू नका, पण तिला कमी लेखूही नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या गावदप्तरात मोडी आणि बाळबोध (देवनागरी) मिसळून येतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. राणू की रामू, बाळू की बापू, घाईच्या हातात दोन्ही सारखे दिसू शकते. आकडे मात्र देवनागरीशी जुळणारे आहेत, म्हणून सर्व्हे नंबर, हिस्सा आणि वय तुम्ही स्वतः तपासू शकता. त्याच लेखनिकाच्या त्याच वहीतले दहा-वीस ओळखीचे शब्द, गावाचे नाव, ‘बिन’, ‘मयत’, ‘वारस’, आधी पक्के करून घ्या. मग अनोळखी नाव त्या वळणाशी ताडून बघा. लिप्यंतर करून घेत असाल तर जाणकाराला आधी तुमच्या अंदाजाचे नाव सांगू नका. सांगितलेले नावच डोळ्यांना दिसते.

शाई, हस्ताक्षर आणि ओळींमधली जागा हेही बघा. जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदींना मोल आल्यापासून, आणि विशेषतः २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर दप्तरे चाळली गेल्यापासून, एक चांगले झाले: कित्येक वह्या कपाटातून बाहेर आल्या आणि स्कॅन झाल्या. पण दोन ओळींच्या फटीत कोंबलेली, वेगळ्या शाईची किंवा क्रम मोडणारी नोंद दिसली तर ती आधार म्हणून घेऊ नका. तलाठ्याकडून मिळणारी वंशावळ हाही पुरावा नव्हे. ती तुम्हीच केलेल्या प्रतिज्ञापत्रावर आधारलेली असते; तुम्ही सांगितलेलेच शिक्का होऊन परत येते.

हक्कनोंदीच्या मागे जायचे तर वाट अरुंद होते. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, त्यानंतर जमिनीची मोजणी आणि जमाबंदी, म्हणजे साऱ्याची आकारणी, आली. त्या वेळचे शेतवार पत्रक, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर भूमी अभिलेख खात्यात मिळाले तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला धारक कळतो. पण तिथे नुसते नाव असते, नाते नसते. हक्कनोंदीतल्या राणूचा बाप आणि मोजणीतला त्याच नंबराचा धारक यांचे नाव एकच आले तरच साखळी जोडा. त्याहून जुने पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात आहे. गावच्या थळझाड्यात (शेतवार यादीत) किंवा महजरात (गावसभेच्या निवाड्यात) मिरासदारांची, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणाऱ्यांची, नावे भेटतात. साल शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीत वापरल्या जाणाऱ्या अरबी कालगणनेत, आणि शब्दांत लिहिलेले असते: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, त्यात मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवा. हे पानिपताचे साल. पण १८१८ ते मोजणी यांमधला काळ बहुतेक सामान्य घराण्यांच्या बाबतीत कोरा राहतो. आडनाव जुळते म्हणून महजरातला पाटील आपला पूर्वज ठरवणे हा या छंदातला सर्वात लोकप्रिय दोष आहे.

तीर्थोपाध्यांच्या वह्या ही कोरी जागा कधी कधी भरून काढतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथले उपाध्ये गाव, आडनाव आणि जातीप्रमाणे वाटलेले असतात. जाताना मूळ मौजे आणि जुना तालुका सांगा, मुंबईचा पत्ता नव्हे. आलेल्या माणसाने वडील, आजोबा, भाऊ, मुले यांची नावे स्वतः सांगून खाली सही केलेली असते, म्हणून नात्याच्या बाबतीत हा कागद महसुली कागदाहून श्रीमंत. मात्र जुन्या वह्या झिजल्या की नवीन वहीत उतरवल्या जातात आणि उतरवताना पिढ्या चिकटतात. मूळ सहीचा लेख आहे की नक्कल, हे विचारा. गरीब घरातले लोक काशीला गेलेच नसतील, पण पंढरपूरला गेलेले असतील. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे हेळवी नावाचे लोक घराण्यांच्या पिढ्या सांगत फिरतात. त्यांच्याकडून ध्वनिमुद्रण करून घ्या. अलीकडच्या चार-पाच पिढ्या कागदाशी ताडून बघण्याजोग्या असतात, त्यामागचा भाग राजघराण्यांकडे झुकू लागतो.

मुंबईचा भाग तुलनेने सोपा. मृत्यूची नोंद महापालिकेच्या त्या त्या वॉर्डात. परळ एफ दक्षिण, लोअर परळ-वरळी जी दक्षिण, भायखळा ई. तारीख आणि जागा दोन्ही लागतात, चाळीचे नाव सांगून काम होत नाही. १९५२ च्या कायद्यानंतर भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात बायकोचे, मुलांचे नाव आणि वय येते. गिरणीचा तिकीट नंबर, खाते आणि पाळी ठाऊक असली तर सेवानोंद शोधता येते. साताऱ्यातली पुष्कळ माणसे पलटणीतही होती. पहिल्या महायुद्धात कोणी गेल्याची घरात आठवण असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत वडिलांचे नाव आणि गाव मिळू शकते. इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून बघा.

बायकांचा माग काढायला वेगळे दार लागते. पणजी भागूचे माहेर जमिनीच्या कागदात नाही. तिच्या भावांच्या गावी, १९५६ नंतर त्यांच्या बापाच्या वारसनोंदीत ‘मुलगी’ म्हणून ती किंवा हक्कसोडपत्र देणाऱ्या तिच्या बहिणी सापडतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असते. तिथल्या दस्तांची सूची क्रमांक १ नावावरून लावलेली असते, सूची क्रमांक २ मिळकतीवरून. नाव माहीत नसले तर दुसरी चाळा.

घराला जमीन नसेल तर वरचे अर्धे निरुपयोगी ठरते. अशा वेळी सातबाऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे बारा नंबरात, रीत (जमीन कसण्याचा प्रकार) आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव बघा. कुळे तिथे आहेत. १ एप्रिल १९५७ नंतर कूळकायद्याच्या कलम ३२-ग च्या चौकशांमध्ये कुळांचे आणि त्यांच्या वारसांचे जबाब आहेत. महार, रामोशी, गुरव अशा वतनदार घरांसाठी वतन रजिस्टर हा खजिना आहे. पाळीने काम कोणी करायचे हे ठरवायला तक्षीमदारांची, म्हणजे वतनातल्या वाटेकऱ्यांची, वंशावळ ठेवावी लागे, त्यामुळे तिथे ज्या पिढ्या सलग मिळतात त्या कित्येक कुणबी घरांनाही मिळत नाहीत. कनिष्ठ वतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्यानंतर जमिनी परत देण्याचे जे आदेश झाले, त्यांतही वारस नावानिशी आहेत.

मराठवाड्याच्या वाचकांसाठी एवढेच: तुमचे निजामकालीन दप्तर उर्दूत आणि फसली या महसुली सालात. फसली साल ऑक्टोबरात सुरू होते. ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. आधार म्हणून १९५० च्या दशकातले खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक आधी काढा. संस्थानी मुलखातल्यांनी विलीनीकरणाचे साल ध्यानात ठेवावे. कोल्हापूरचे १ मार्च १९४९, आणि त्याचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. कोकणातून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मजुरांची नोंद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे: क्रमांक, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण.

तुमच्या प्रश्नापुरती शेवटची बाब. पाटण तालुक्यातली कित्येक गावे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली आणि माणसे रायगड, ठाणे, रत्नागिरीपर्यंत वसवली गेली. मूळ मौजे त्यांपैकी असेल तर सातबारा संपतो तिथे भूसंपादनाचा निवाडा सुरू होतो. त्यात संपादित नंबर, हिस्सेदार, मोबदल्याची वाटणी आणि मयत खातेदाराचे वारस असतात. आता नावावर असलेले खाचर मूळ गावातले की पुनर्वसनात मिळालेले, हे सर्वांत आधी तपासा, कारण त्यावर कोणत्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा ते ठरते. निवाडा मागताना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन आणि पुनर्वसन अशा दोन्ही शाखांकडे वेगवेगळे अर्ज करा. संचिका एकाच शाखेत असते आणि ती कोणत्या शाखेत आहे हे दुसरी शाखा सांगत नाही.